जन्माची साक्ष



वकिलांच्या या परिषदेत प्रलंबित खटले, कोर्टाच्या अपुऱ्या इमारती, नवोदित वकिलांची ओढाताण हे विषय उद्याच्या सत्रांत येणारच आहेत. आज, जानेवारी 2026 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयी मला बोलायचं आहे. मूल ज्या भूमीत जन्मलं तिथलं ते नागरिक आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं आणि कोणी?

माझ्या वकिलीची पहिली वर्षं तालुक्याच्या कोर्टात गेली. जन्माची नोंद राहून गेलेल्यांचे अर्ज तेव्हा 1969 च्या कायद्याखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालत. एक बाई तरण्या मुलाला घेऊन आल्या. त्याला नोकरीसाठी दाखला हवा होता. जन्म कधीचा, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पानशेतचं धरण फुटलं त्या साली. भातलावणी चालली होती." मी 1961 चा जुलै लिहिला. पुराव्याला कागद एकही नव्हता. होती ती बाळंतपण केलेली म्हातारी सुईण आणि शेजारचा एक शेतकरी. त्या दोघांच्या साक्षींवर अर्ज मंजूर झाला.

पुढे एक अमेरिकन निकाल वाचताना मला ही सुईण आठवली. वाँग किम आर्क हा 1873 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला स्वयंपाकी. 1882 पासून चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. म्हणून 1894 मध्ये चीनला जाताना त्यानं आपला जन्म अमेरिकेतलाच असल्याचा, गोऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचा कागद बरोबर ठेवला. 1895 च्या ऑगस्टमध्ये तो परतला, तेव्हा बंदरावरच्या अधिकाऱ्यानं त्याला उतरू दिलं नाही. ज्या शहरात तो जन्मला, त्याच शहरासमोर त्यानं काही महिने जहाजांवर अडकून काढले. अखेर 28 मार्च 1898 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी तो जन्मानंच अमेरिकेचा नागरिक असल्याचा निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिला.

त्या निकालाचा आधार होता चौदावी घटनादुरुस्ती, आणि तिच्यामागे एक मोठा अन्याय होता. 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे वंशज अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असं ठरवलं होतं. यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर 1868 मध्ये घटनेतच लिहिलं गेलं की, अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. 1866 च्या चर्चेत सिनेटर कोवन यांनी चिन्यांची मुलंही मग नागरिक होणार का, अशी हरकत घेतली होती. आयर्लंडमध्ये जन्मलेले, कॅलिफोर्नियाचे सिनेटर कॉनेस यांनी होय, असं स्वच्छ उत्तर दिलं. दुरुस्ती मंजूर झाली ती हे उत्तर ऐकून.

या कलमाची ताकद आपल्या माणसांनीही अनुभवली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड 'गोरे' ठरत नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र आहेत, असा निकाल 1923 मध्ये लागला. त्यानंतर कित्येक हिंदी माणसांना आधी दिलेलं नागरिकत्व सरकारनं काढून घेतलं. नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या परकीयांना जमीन घेण्यास कॅलिफोर्नियात बंदी होती. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांपैकी अनेकांनी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावे जमिनी घेतल्या. सरकारनं बापाला दिलेलं नागरिकत्व सरकारला काढून घेता आलं. मुलाचं नागरिकत्व सरकारनं दिलेलंच नव्हतं. ते जन्मानं आलेलं होतं, म्हणून ते टिकलं.

आजचा वाद नेमका इथेच आहे. 20 जानेवारी 2025 रोजी, सत्तेवर आल्याच्या पहिल्याच दिवशी, अध्यक्ष ट्रम्प यांनी कार्यकारी आदेश काढला. वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील आणि आई कागदपत्रांविना किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल, तर तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या त्यांच्या बाळाला नागरिक मानायचं नाही, असा तो आदेश. त्यामुळे चोरवाटेनं सीमा ओलांडलेला मजूर आणि पुण्याहून रीतसर एच-1बी व्हिसावर गेलेलं अभियंता जोडपं, दोघांची बाळं एकाच रांगेत आली. ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, या मर्यादेमुळे भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षं लांबते. म्हणजे ज्यांचं 'तात्पुरतं' राहणं कायद्यानंच लांबवलं, त्यांच्या मुलांना त्याच तात्पुरतेपणाचा फटका.

सरकारची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण आपण वकील आहोत. त्यांचा भर 'अधिकारकक्षेत' या शब्दांवर आहे. केवळ कायदा लागू असणं पुरेसं नाही, त्या देशाशी पक्की निष्ठा आणि कायमचं वास्तव्य हवं, असं ते म्हणतात. वाँगचे आईबाप सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक होते, याकडे ते बोट दाखवतात. युक्तिवाद टाकाऊ नाही, पण मला तो पटत नाही. त्या शब्दांनी वगळले होते ते परकीय वकिलातींतल्या अधिकाऱ्यांची मुलं, आक्रमक सैन्याच्या ताब्यातल्या मुलखात शत्रूच्या पोटी जन्मलेले, आणि स्वतंत्र सत्ता मानल्या गेलेल्या आदिवासी जमातींचे लोक. या जमातींनाही 1924 मध्ये नागरिकत्व मिळालं. व्हिसावर राहणारा माणूस कर भरतो, गुन्हा केला तर तिथल्याच तुरुंगात जातो. आईबापाला शिक्षा करताना देशाची अधिकारकक्षा पुरी पडते, आणि त्यांच्या बाळाला आपलं म्हणताना ती अपुरी कशी पडते?

सिएटलचे न्यायाधीश कफनौर यांनी तीनच दिवसांत हा आदेश उघड उघड घटनाबाह्य म्हणत स्थगित केला. पण 27 जून 2025 च्या ट्रम्प विरुद्ध कासा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आदेशाच्या वैधतेला हात न लावता उपायाचा प्रश्न घेतला. न्यायमूर्ती बॅरेट यांनी सहा विरुद्ध तीन बहुमतानं लिहिलं की, वादींपलीकडे साऱ्या देशाला लागू होणारे मनाई हुकूम देण्याचा अधिकार संसदेच्या कायद्यानं खालच्या न्यायालयांना बहुधा दिलेला नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांचं भिन्नमत कळकळीचं होतं. मग वकिलांनी दुसरी वाट काढली. न्यू हॅम्पशायरमध्ये साऱ्या बाधित बाळांचा एक वर्ग धरून दावा उभा राहिला आणि न्यायाधीश लाप्लांट यांनी 10 जुलैला त्या वर्गाला संरक्षण दिलं. 5 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्न सुनावणीसाठी स्वीकारला.

यातून आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हक्क किती मोठा आहे, हे अखेर दाद कोणाला आणि किती दूरवर मिळते त्यावर ठरतं. न्यायालयाचं रक्षण फक्त दारात आलेल्यालाच असेल, तर जे दारापर्यंत पोचत नाहीत त्यांचा हक्क कागदावर राहतो. आपल्याकडे 1981 च्या एस. पी. गुप्ता खटल्यानं हे दार गरिबांसाठी रुंद केलं. एका उच्च न्यायालयानं केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवला, तर त्याचा परिणाम देशभर होतो, असं 2004 च्या कुसुम इनगॉट्स खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. या दोन्ही गोष्टी जपून ठेवण्यासारख्या आहेत.

पण अमेरिकेकडे बोट दाखवताना आपल्याला आरशातही पाहावं लागेल. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीनं कायद्याच्या समान संरक्षणाचा शब्द घेतला तो याच चौदाव्या दुरुस्तीतून, आणि आपल्या कलम 14 मध्ये तो आहे. नागरिकत्वाच्या कलमानं समितीला किती डोकेदुखी दिली, हे बाबासाहेबांनी ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत सांगितलं. फाळणीच्या त्या काळात, पुढे नागरिक कोण हे ठरवणं कलम 11 नं संसदेवर सोपवलं. 1955 च्या कायद्यानं जन्म हाच आधार मानला. 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. 3 डिसेंबर 2004 पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. आपण जन्माकडून वंशाकडे सरकलो, आणि आपल्या बार रूममध्ये त्याची चर्चा फारशी झाल्याचं मला आठवत नाही. अमेरिकेत हा हक्क घटनेत कोरलेला आहे, म्हणून अध्यक्षाला न्यायालयात झगडावं लागतं. आपल्याकडे तो साध्या कायद्यात आहे, म्हणून साध्या बहुमतानं बदलतो.

सीमेवरच्या घुसखोरीची चिंता खरी आहे, हे मी नाकारत नाही. त्यासाठी आईबापांवर कायदा चालवा. पण जो नुकताच जन्मला, त्याच्याकडून पूर्वजांचे कागद मागणं म्हणजे ज्याला तो प्रश्न समजूही शकत नाही, त्यालाच आरोपी करणं होय. आणि असे कागद नेमके कोणाकडे नसतात, हे तालुक्याच्या कोर्टात बसलेल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. पालावर राहणारी कुटुंबं, ऊसतोड कामगार, नवऱ्यानं टाकलेल्या बाया. उशिरा जन्मनोंदीचं काम 2023 च्या दुरुस्तीनं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलं आहे. म्हणून माझी प्रत्येक वकील संघाला विनंती आहे: महिन्यातला एक दिवस या अर्जांसाठी मोफत द्या. फी मिळणार नाही, पण एक माणूस कागदावर येईल.

वाँग किम आर्क जिंकला, तरी 1901 मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे त्याला पुन्हा अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानं नागरिक म्हटलेल्या माणसाला आपण नागरिक आहोत, हे पुन्हा सिद्ध करावं लागलं. निकाल एकदा लागला म्हणून हक्क सुरक्षित होत नाही. प्रत्येक पिढीतल्या कोणा ना कोणा वकिलाला त्यासाठी पुन्हा उभं राहावं लागतं.

पानशेतच्या साली जन्मलेल्या त्या मुलाच्या आईनं निकालाची नक्कल माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "वकीलसाहेब, म्हणजे आता हा इथला झाला ना?" मी म्हणालो, "बाई, तो इथलाच होता. कोर्टानं फक्त लिहून घेतलं."