गळू फोडायला जालन्याला कशाला?

(जाफराबाद येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बाकीचे बोलतीलच. मी पायात घुसलेल्या धसकटावर बोलणार आहे. हसू नका. ऐन वेचणीत ज्याच्या टाचेत पऱ्हाटीचं धसकट मोडलं, त्याला विचारा.

माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. फॅमिली डॉक्टरनं आठ दिवस गोळ्या दिल्या आणि मग सांगितलं, "जालन्याला जा." तिथं दहा मिनिटांत पू काढला. गाडीभाडं, सोबत्याचा बुडालेला रोज, झाडावर भिजलेला कापूस, हे कोणत्या बिलात लिहायचं?

पू साठला की गोळीचं औषध आत नीट पोचत नाही. चीर देऊन तो काढावाच लागतो. विळ्याचा साधा घाव, रुतलेला काटा, गळू, ही कामं तेवढी जागा बधिर करून दवाखान्यात होतात, भरती व्हावं लागत नाही. इंग्लंडात १९९० च्या करारानं फॅमिली डॉक्टरांना अशा छोट्या शस्त्रक्रियांचे वेगळे पैसे ठरवून दिले. आपल्याकडे भांडण झालं ते चाकू कोणी धरायचा यावर. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या शल्य-शालाक्य पदव्युत्तरांसाठी ५८ शस्त्रक्रियांची अधिसूचना निघाली. ११ डिसेंबरला ॲलोपॅथीवाल्यांनी बंद पाळला. दोघांच्या भांडणात आपलं गळू तसंच ठुसठुसत राहिलं.

म्हणून कोणीही ब्लेड घेऊन बसावं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरला बेधडक विचारा. पदवी कोणती? हे काम कुठं शिकलात? हत्यारं निर्जंतुक केली का? धनुर्वाताचं इंजेक्शन देणार का? घावानंतर बोट वाकत नसेल, बधिर पडलं असेल, तर आत नस तुटलेली असू शकते. तिथं टाके घालून घरी धाडणारा डॉक्टर नको, सर्जनकडे पाठवणारा हवा. साखरेचा आजार असेल तर पायाची बारीक जखमही अंगावर काढू नका. कुत्रं चावलं तर टाक्यांची घाई नको. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या.

आजच्या ठरावात माझं एवढंच घाला. तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यानं पाटी लावावी : कोणत्या छोट्या शस्त्रक्रिया इथं होतात, कोण करतं आणि किती पैसे पडतात. वेचणी सुरू व्हायच्या आत.