एका देहातील दोन कर्करोग



रोग्याच्या साऱ्या तक्रारींची उपपत्ती शक्यतो एकाच रोगाने लावावी, असे आम्हां वैद्यांच्या मनावर विद्यार्थिदशेपासून बिंबवलेले असते. हा दंडक बहुधा उपयोगी पडतो, परंतु साठी उलटलेल्या आणि हयातभर विडी ओढलेल्या गृहस्थाच्या बाबतीत तो केव्हा दगा देईल याचा नेम नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा दाखला ज्याच्या दप्तरी आधीच आहे, अशा इसमाच्या लघवीतून वेदनेवाचून रक्त गेले की, ‘हे त्या जुन्या दुखण्याचेच’ असा निकाल परभारे देण्याचा मोह होतो. एक चोर हाती लागताच फौजदाराने तपासाचे कागद बांधून ठेवावेत, तसाच हा प्रकार. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहावे, तो आतल्या अस्तरावर, सोडलेल्या पाण्याच्या प्रवाहात हलणारी एक लालसर, झुपकेदार गाठ दिसते. तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये मूत्रपिंडांतून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

पण ही गाठ स्वतंत्र रोगाची, की पहिल्याच रोगाचा विस्तार? हे ठरवण्यासाठी व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य बिलरोथ यांनी 1889 साली घातलेल्या अटींत, दोन्ही अर्बुदांनी आपापली निराळी पिलावळ शरीरात पसरवलेली असावी, अशीही एक अट होती; ती पुरी व्हायची तर रोगी बिचारा बहुधा शवविच्छेदनाच्या मेजापर्यंतच पोचायचा! 1932 साली वॉरन आणि गेट्स या संशोधकांनी ती सोडून दिली, आणि दोन्ही गाठी निःसंशय मारक असाव्यात, परस्परांपासून भिन्न असाव्यात व एक दुसरीचा प्रसार असण्याचा संभव निरस्त झालेला असावा, एवढ्यावर समाधान मानले. प्रोस्टेट आणि मूत्राशय हे सख्खे शेजारी, त्यामुळे तिसरी अटच खरी कसोटीची. तेथे सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर विशिष्ट प्रतिद्रव्यांचा रंग चढवतात. गाटा-3 या प्रथिनाच्या रंगाने पेशींची केंद्रके तपकिरी झाली आणि पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा रंग मुळीच चढला नाही, तर पुराव्याचा कौल मूत्राशयाच्या बाजूने जातो.

उपचारात आधी पाहायचे ते हे की, दोहोंपैकी जीव आधी कोण घेईल. मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेल्या रोगावरील शस्त्रक्रियेला तीन महिन्यांहून अधिक निष्कारण दिरंगाई महागात पडते, तर प्रोस्टेटचा सौम्य प्रतीचा रोग नुसत्या देखरेखीवर वर्षानुवर्षे थांबू शकतो. पुरुषाचे मूत्राशय काढताना प्रोस्टेटही सामान्यतः त्याबरोबरच काढतात, त्यामुळे एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही कामे उरकण्याचा योग येतो. कित्येकदा तर ध्यानीमनी नसलेला प्रोस्टेटचा कर्करोग अशा काढलेल्या ग्रंथीतच प्रथम सापडतो. एखादी लसिकाग्रंथी सुजलेली आढळली, तर मात्र तिच्यात दोहोंपैकी कोणता रोग पोचला हे कळण्यासाठी तिचा तुकडा तपासल्यावाचून गत्यंतर नाही. कारण पुरुषी संप्रेरक दडपणारी औषधे प्रोस्टेटच्या रोगाला आवरतात, मूत्राशयाच्या रोगाला त्यांचा उपयोग नाही.

मूत्राशयाचा रोग वरवरचा असेल, तर गाठ दुर्बिणीतूनच खरवडून काढतात आणि जेथे तो उलटण्याचे भय अधिक, तेथे क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडतात. ही लस कधीकधी शेजारच्या प्रोस्टेटमध्येही दाह उत्पन्न करते आणि मग रक्तातील पीएसए वाढतो. म्हणून त्या वाढीचे खापर लगेच जुन्या कर्करोगावर न फोडता, शेवटची लस कोणत्या तारखेला सोडली होती, हे आधी रोग्याच्या कागदपत्रांतून पाहून घ्यावे लागते.