जमीन कसणाऱ्याची, नोंद कोणाची?



जमीनसुधारणा आणि भूसंपादन हे विषय आपण दोन वेगळ्या प्रकरणांत वाचतो. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी सार्वजनिक हितासाठी खासगी जमीन घेण्याचा शासनाचा अधिकार आहे. जमीनसुधारणेत जमीन मालकाकडून कसणाऱ्याकडे जाते. भूसंपादनात ती बहुधा कसणाऱ्याच्याच हातून सुटते.

राज्यघटनेनेही हा भेद जाणला आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१क, ३१ख व नववी अनुसूची आणून जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांना संरक्षण दिले. मात्र १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने, कमाल मर्यादेच्या आतील, स्वतः कसलेली जमीन घेताना किमान बाजारभावाइतकी भरपाई आवश्यक ठरविली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काचे मूलभूत स्वरूप संपले. आज तो अनुच्छेद ३००क खालील घटनात्मक हक्क आहे.

परंतु कागदावरचा कसणारा आणि शेतातला कसणारा एकच असतो का? पश्चिम बंगालचे उदाहरण पाहू. तेथे १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ मोहिमेत दहा लाखांहून अधिक बर्गादारांची, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्यांची, नोंद झाली. त्याच राज्यात २००६ मध्ये सिंगूर येथे मोटार कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन संपादित करण्यात आली. नोंद असलेल्या बर्गादारांना भरपाईत वाटा होता. नोंद नसलेले बर्गादार व शेतमजूर यांना तो नव्हता. विरोध वाढला आणि २००८ मध्ये प्रकल्प गुजरातमधील साणंदला गेला. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन रद्द केले. सार्वजनिक हेतूविषयी दोन न्यायमूर्तींची मते भिन्न होती. शेतकऱ्यांच्या हरकतींची योग्य चौकशी झाली नाही, यावर मात्र एकमत होते.

१८९४ च्या कायद्याची जागा घेणारा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित जमीनमालकांची पूर्वसंमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यांकन या तरतुदी त्यात आहेत. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारी आणि तिच्यावरच मुख्यतः उपजीविका असणारी कुळे, वाटेकरी व शेतमजूर यांचाही ‘बाधित कुटुंबां’त समावेश आहे.

खरी अडचण पुढेच आहे. ही तीन वर्षे सिद्ध कशी करावयाची? कूळकायद्याने जमीन जाईल, या भीतीने अनेक मालक लेखी करार टाळतात. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच कसणारा कागदावरून नाहीसा होतो! नीती आयोगाने २०१६ मध्ये मांडलेल्या आदर्श भूभाडेपट्टा कायद्याचा उद्देश ही भीती दूर करण्याचाच होता.

म्हणून भूसंपादनाविषयी लिहिताना केवळ भरपाईच्या रकमेपाशी थांबू नका. ती रक्कम कोणाच्या हाती पडते, हेही विचारा. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याची उपजीविका मात्र त्याच मातीत आहे. त्याची नोंद होणे, हे जमीनसुधारणेचे अपुरे राहिलेले काम आहे.