गोठ्याची अर्थिंग: वायर किती जाड घ्यायची?

आज थेट गोठ्यात जाऊया.

मागच्या मे महिन्यात गावी गेलो होतो. घरापासून ४० मीटरवर काकांचा गोठा. म्हैस गव्हाणीत तोंड घालायची आणि झटक्यात मागे सरकायची. काका म्हणे, "नाटकं करते." मी मीटर लावला. गव्हाणीचा पाइप आणि ओली फरशी यांच्यामध्ये १८ व्होल्ट! आपल्या पायात चप्पल असते हो, म्हशीच्या नसते.

कडबाकुट्टीची मोटर गळत होती आणि तिचा अँगल त्याच पाइपला बोल्टने जोडलेला. काका म्हणाले, "अरे, अर्थिंगची वायर ६ स्क्वेअर एमएमची टाकलीय, अजून काय पाहिजे?"

आता गंमत बघा. तांब्याच्या त्या ४० मीटर वायरचा रोध जेमतेम ०.१२ ओहम. आणि घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा? उन्हाळ्यात माती वाळलेली, २० ओहम भरला. म्हणजे ०.९ अँपिअरची गळती झाली की १८ व्होल्ट तयार. वायर दुप्पट जाड केली तरी हा आकडा हलणार नाही. आणि मोटरच्या बॉडीला पूर्ण फेज लागला असता तर? २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. २० अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही, आणि बॉडीवर जवळजवळ २३० व्होल्ट!

मग जाडी बघायचीच नाही का? बघायची. आयएस ३०४३ मधला नियम सोपा आहे: फेजची वायर १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थिंगची तेवढीच, १६ ते ३५ ला १६, त्यापुढे निम्मी. दोन्ही वायर एकाच धातूच्या धरून, बरं का. काकांची फेज ४ ची, म्हणजे अर्थिंग ४ ची पुरली असती. सुटी, उघडी वायर ओढणार असाल तर मात्र ४ च्या खाली जाऊच नका.

खरं काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही की ती पडते. ३० मिलिअँपिअरची घ्या. खड्डा २०० ओहमचा निघाला तरी २०० गुणिले ०.०३ म्हणजे ६ व्होल्ट. त्याच्या वर फार जायच्या आत सप्लाय बंद.

शिवाय बाँडिंग. गव्हाणीचा पाइप, पाण्याचा नळ, शेडचे खांब, फरशीखालची जाळी, सगळं एकमेकांना जोडा. म्हशीच्या तोंडाला आणि पायाला सारखंच व्होल्टेज असलं की तिच्यातून करंट जायला कारणच उरत नाही. तांबं किमान ४ चं, नाहीतर ३० बाय ३ ची जीआय पट्टी. शेण-गोमूत्रात बारीक तार लवकर खाल्ली जाते, म्हणून मी पट्टीच लावायला सांगतो. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच, सप्लाय बंद करून.

आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून निर्धास्त होऊ नका. ते फक्त आरसीसीबी तपासतं, खड्डा नाही. खड्डा अर्थ टेस्टरने मोजायचा, तोही मे महिन्यात. काकांना सांगितलंय, पुढच्या सुट्टीत मीच टेस्टर घेऊन येतो.