डोक्याचा मार आणि बाईची जबानी
(नवी मुंबईतील सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला ही बाई माहीत आहे. बोलावलं की तारीख चुकवते. काल एक सांगते, आज दुसरंच. बोलता बोलता थांबते, ट्यूबलाइटचा त्रास होतो म्हणून डोळ्यांवर पदर घेते. पोलीस म्हणतात खोटारडी, सासरचे म्हणतात वेडी, आणि आपल्यातली एखादी वैतागून म्हणते, हिलाच काही करायचं नाही. तिच्या मेंदूला मार लागला असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यातच येत नाही.

"मारतो का?" विचारलं की बाई दंडावरचे वळ दाखवते. डोक्याचा मार केसांखाली असतो. तुर्भ्याहून येणाऱ्या एकीला मी सरळ विचारलं, "डोकं कशावर आपटलं होतं?" म्हणाली, "मोरीच्या कठड्यावर. दोनदा. पण रक्त नाही आलं ना ताई!" रक्त नाही म्हणून तिच्या हिशेबी तो मारच नव्हता. पोलिसांनीही जबानीत घेतला नाही.

कवटीच्या आत मेंदू मऊ असतो. जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो, बारीक तंतू ताणले जातात. त्यासाठी शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. सी.टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, हा ताण बहुधा दिसत नाही. म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" हा कागद कोर्टात नवऱ्याच्या बाजूने फडकवला गेला तर हे सांगता आलं पाहिजे.

गळा दाबण्याचं तर कुणी सांगतच नाही. "नुसता गळा धरला" म्हणतात. गळ्यावर खूण राहीलच असंही नसतं, पण मेंदूचा प्राणवायू तुटतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवा. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर के.ई.एम.च्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळलं. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही.

आता कामाचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटका, एक बाहुली मोठी, जीभ जड, एका बाजूचा हातपाय लुळा, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. गळा दाबला असेल तर बरी दिसली तरी डॉक्टरकडे न्या. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात रक्त हळूहळू साठतं, काही आठवड्यांनी घोटाळा कळतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपा. डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरीन देऊ नका. "झोपू देऊ नका" हे मात्र सोडा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर तिला झोप हवीच आहे.

एकदोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामाला. बहुतेकजणी काही आठवड्यांत सावरतात. पण पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर फार वाईट, आणि विश्रांती द्यायची ती त्याच घरात, त्याच नवऱ्यासमोर! म्हणून सुरक्षित जागेचा प्रश्न हा उपचाराचाच भाग समजा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितल्यास वैद्यकीय मदत देण्याची जबाबदारी रुग्णालयावर टाकलेली आहे. केसपेपरवर "पडली" असं लिहू देऊ नका. कुणी, कशाने, कितीदा ते लिहून घ्या, मेडिको-लीगल नोंद करायला सांगा.

जबानी एका बैठकीत उरकू नका. अर्धा तास, मग चहा, उरलेलं उद्या. तिला छोटी वही द्या, तारखा त्यात लिहू द्या, आदल्या दिवशी फोन करा. आणि केंद्राच्या फॉर्मवर दोन प्रश्न छापून घ्या: डोक्याला कधी मार लागला? गळा कधी दाबला? "कधी"च्या पुढे जागा भरपूर सोडा, एका ओळीत मावत नाही.