पडद्याकडून पानाकडे : एका विज्ञान-मालिकेची कादंबरी



कादंबरीवरून मालिका तयार होणे ही मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची गोष्ट आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आधी वाचकांच्या हाती आली आणि पुष्कळ वर्षांनी दूरदर्शनच्या पडद्यावर. पडद्यावरची रमाबाई पाहण्यापूर्वीच कित्येकांच्या मनात आपापली एक रमाबाई वावरत होती. याच्या उलट दिशेचा प्रवास, म्हणजे आधी मालिका व मग तिची कादंबरी, मराठीत विरळाच. जेथे तो सर्रास होतो त्या इंग्लंड-अमेरिकेतही अशा पुस्तकांना शिळ्या कढीला आणलेला ऊत समजण्याची रीत होती. ती किती अन्यायाची होती, हे ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या कृतीच्या इतिहासावरून कळते.

या कृतीचे कथाबीज फ्रेड हॉइल यांचे. केंब्रिजचे हे खगोलशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू. बनारसच्या मराठी घरात वाढलेले नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले, त्याच वर्षी हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे १९७४ मध्ये नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठविली. शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, याचे उदाहरण त्यांच्या गुरुगृहीच होते.

हॉइल यांच्या कथाबीजावरून जॉन इलियट यांनी संहिता रचली आणि १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी.बी.सी.ने सात भागांची मालिका दाखविली. काळ मोठा अनुकूल होता. जॉड्रेल बँकची महाकाय रेडिओ दुर्बीण १९५७ मध्ये सुरू झाली होती, आणि १९६० मध्ये अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी परक्या ताऱ्यांकडून येणारे संदेश ऐकण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केला होता. कथेत असा संदेश खरोखरच येतो. देवयानी तारकासमूहाच्या दिशेने आलेला तो संदेश म्हणजे एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात, हे जॉन फ्लेमिंग या तरुण शास्त्रज्ञाच्या ध्यानात येते. अंतर इतके प्रचंड की प्रवासी पाठविणे अशक्य. पण माहिती मात्र प्रकाशाच्या वेगाने धाडता येते. संगणक उभा राहतो, आणि तो सजीव घडविण्याची कृती माणसांना शिकवू लागतो. जीवद्रव्याच्या दुहेरी सर्पिलाचा उलगडा केंब्रिजमध्येच १९५३ साली झालेला असल्याने ही कल्पना तेव्हाच्या वाचकाला अगदीच अघटित वाटली नसावी.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, हॉइल आणि इलियट या दोघांच्या नावाने कादंबरी निघाली. मालिकेतले संवाद उतरवून त्यांच्या मध्ये ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घातले की कादंबरी होते, असा समज असणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. मालिकेत क्रिस्टीन नावाची प्रयोगशाळेतील मुलगी त्या यंत्राच्या संपर्कात येऊन मरते आणि नंतर यंत्राच्या सूचनांनी घडविलेली मानवी स्त्री तिच्याच रूपाने उभी राहते. दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती या तेव्हा नवख्या अभिनेत्रीने केल्या. पडद्यावर तो चेहरा पुन्हा दिसला की काम झाले. प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा करण्यास एकाही शब्दाची गरज नाही. कादंबरीकाराजवळ चेहरा नसतो. त्याला आधी क्रिस्टीनला वाचकाच्या स्मरणात ठेवावे लागते आणि मग ते साम्य दुसऱ्या पात्राच्या नजरेतून दाखवावे लागते. उलट, पडद्यावर फ्लेमिंगचा संशय त्याच्या तोंडून बोलवून घ्यावा लागतो, तर कादंबरीत तो मनातल्या मनात वाढू शकतो. शिवाय पुस्तकातली दुर्बीण बांधण्यास सुताराची मजुरी पडत नाही! आठवडाभराच्या उत्कंठेसाठी प्रत्येक भागाच्या शेवटी दिलेला झटका मात्र सलग वाचनात ओझे होतो. त्या जागा बुजविणे हे या लेखनातले सर्वांत अवघड काम. शिंप्याच्या उत्तम रफूप्रमाणे, साधले तर ते दिसतच नाही.

त्या वेळी दृश्यफिती महाग होत्या आणि कार्यक्रम पुन्हा दाखविण्यावर कलावंतांशी झालेल्या करारांची बंधने होती. घरी फीत लावून पाहण्याची सोय तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यामुळे जुने कार्यक्रम पुसून फिती पुन्हा वापरल्या जात, चित्रप्रतीही मोडीत काढल्या जात. ‘ए फॉर अँड्रोमेडा’चीही तीच गत झाली. सहावा भाग २००५ च्या सुमारास पूर्ण स्वरूपात हाती लागला. बाकीच्यांचे काही तुकडे उरले. लिखित संहिता होत्या, आणि त्यांच्या आधारे २००६ मध्ये बी.बी.सी.ने नवी आवृत्तीही काढली. पण संहिता दप्तरात बंद असते. सामान्य माणसाला चार दशके ती गोष्ट भेटली ती ग्रंथालयाच्या कपाटातच.

‘डॉक्टर हू’ या दीर्घ मालिकेचीही हीच कथा आहे. साठच्या दशकातले तिचे पुष्कळ भाग नष्ट झाले. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने तिच्या कथानकांची छोटी पुस्तके काढली. त्यांतली साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. कोणी त्यांना थोर साहित्य म्हणणार नाही. पण एका पिढीतल्या मुलांना वाचनाची गोडी त्या पातळ पुस्तकांनी लावली, आणि न पाहिलेले भागही त्यांना तोंडपाठ झाले. डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या पहिल्या पुस्तकात तर मालिकेची सुरुवातच बदलून टाकली आहे. कथा एका पात्राच्या तोंडून येते आणि पात्रांची पहिली भेट वेगळ्याच ठिकाणी होते. त्या कथेचे सातही भाग सुदैवाने टिकले, म्हणून हा फरक उघड झाला. जे भाग हरवले, त्यांच्या पुस्तकात लेखकाने काय सोडले, काय घातले, हे ताडण्यास उरलेल्या संहिता आणि काही रसिकांनी घरी टिपून ठेवलेले आवाज एवढाच आधार आहे.

‘अँड्रोमेडा’च्या सहाव्या भागात ज्यूली ख्रिस्ती बोलताना, चालताना दिसते. पुस्तक वाचून तिची मूर्ती मनाशी रचणाऱ्यांना ती चाळीसेक वर्षांनी अशी भेटली. उरलेल्या सहा भागांतली क्रिस्टीन मात्र अजून बहुतेक करून कादंबरीच्या पानांतच राहते.