उसाच्या फडातले भय

एकटेपणा आणि संशय यांवर उभ्या असलेल्या मराठी भयपटांत विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’चे नाव आधी घ्यावे लागते. तो २०१७ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. नेहा आणि तुषार हे शहरी जोडपे कर्जवसुलीवाल्यांना चुकवत एका खेड्यात येऊन राहते. आसरा देणारा माणूस ओळखीचा, गाडीचा चालक. घरात त्याची बायको तुळसाबाई आणि घराभोवती चहूकडे ऊस. नेहा गरोदर असून तिचे दिवस भरत आले आहेत. तुषार शहराकडे जातो आणि ती मागे राहते.

जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’मध्ये (१९८२) हा एकांत अंटार्क्टिकाच्या बर्फाने दिला आहे. तळ सोडून जाता येत नाही आणि सोबत्यांपैकी खरा माणूस कोण, ते कळत नाही. ‘लपाछपी’ने बर्फाचे काम उसावर सोपवले. भोर तालुक्यात निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे त्याच तालुक्यातल्या शिवरे भागातल्या श्रोत्यांना ऊस काय असतो ते सांगायला नको. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि पुरुषभर उंची केव्हाच ओलांडतो. सरीत शिरलेल्याला चार हातांपलीकडचे दिसत नाही. पाचट वाजते, पण वारा, डुक्कर की माणूस, याचा उलगडा होत नाही. जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्याची मादी फडातच पिल्ले घालते. म्हणजे भीती आधीपासून तिथे होतीच. दिग्दर्शकाने फक्त कॅमेरा आत नेला. त्यामुळे भर दुपारच्या उन्हातही ती उणावत नाही.

संशयाची बाजू उषा नाईक यांनी सांभाळली आहे. त्यांची तुळसाबाई गरोदर बाईचे सगळे करते. खाऊ घालते, जपते, दटावते. ही माया आहे की पहारा, हे बराच वेळ ठरत नाही. नेहाला दिसणारी मुले खरी, की तिच्या मनाचे खेळ, हाही प्रश्न सोबत चालतो. रोमन पोलान्स्कीच्या ‘रोझमेरीज बेबी’त (१९६८) गरोदर नायिकेची अशीच कोंडी होते. पूजा सावंत यांनी नेहाची धास्ती फारसा आरडाओरडा न करता वाढवत नेली आहे.

भयाच्या मुळाशी मुलगी नको असणारे घर आहे. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च भरल्या. चित्रपटाला हा विषय चिकटवलेला वाटत नाही. शेवटी मात्र प्रत्येक गोष्ट फोडून सांगण्याचा सोस आवरत नाही, आणि तिथे पकड सैल पडते.

फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने त्याचे हिंदी रूप केले. दोन्हींपैकी एकच पाहायचा असेल, तर मूळ मराठी पाहावा.